अकराशे सत्तेचाळीस नंबरचं काम

दिवा राहू दे, पण तो मोबाईल पालथा ठेव. तोंडावर उजेड पडला की सांगणारा गोष्टीला मीठमसाला लावतो, आणि या गोष्टीला तो लागत नाही. सगळी काही माझ्या डोळ्यांसमोर घडली नाही. पण ज्याच्यावर गुदरली त्याने ती मला स्वतः सांगितली, आणि कल्पनाशक्तीच्या बाबतीत तो गृहस्थ इतका कोरडा होता की रजेसाठी साधी थापसुद्धा त्याला मारता येत नसे. त्याचे बावीस वर्षांचे रजेचे अर्ज माझ्या हातून गेले. प्रत्येकावर कारण एकच : वैयक्तिक.

सुरुवात अगदी साधी आहे. मला एक कागद माझ्या टेबलावरून त्याच्या टेबलावर न्यायचा होता.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेत आवक-जावक सांभाळायचो. संस्थेत एक मोठं संगणक-यंत्र होतं. एक म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात एका हॉलमध्ये माणसाहून उंच कपाटांच्या सहा रांगा, आणि त्या कपाटांत पाचशे संगणक एकाच तालावर काम करणारे. आत एवढी थंडी की भर उन्हाळ्यात स्वेटर घालून जायचं. ते मशीन दोनशे जण वाटून वापरायचे. कोणी पुलांची गणितं करी, कोणी औषधांची, कोणी ढगांची. ज्याने त्याने आपलं काम मशीनवर टाकायचं आणि रांगेत थांबायचं. दोनशे विद्वान एका रांगेत उभे केले की काय होतं हे पाहायचं असेल तर तिथे यावं. आपलं घोडं पुढे दामटण्यात पीएचडीवाल्यांचा हात कोणी धरणार नाही.

या मशीनचा राखणदार म्हणजे आमचा कुलूप. हे अर्थात पाठीमागचं नाव. खाती तोच उघडायचा, तोच बंद करायचा, आणि सगळी दारं उघडणारी जी एक मुख्य किल्ली असते, म्हणजे मशीनचा सर्वांत वरचा पासवर्ड, ती बावीस वर्षं त्याच्याकडेच होती. लग्न झालेलं होतं, पण त्याची बायको म्हणायची, सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी जानेवारीत दुसऱ्या एका संस्थेत चोर शिरल्याचं उघड झालं. दार फोडून नाही. एका विद्यार्थ्याचा पासवर्ड चोरून. एकदा आत आल्यावर त्याला सगळं रान मोकळं. तीन महिने तो प्रत्येकाचं काम वाचत बसला होता, आणि कोणाला गंध नाही. आमच्या संचालकांना घाम फुटला, आणि त्यांनी सुरक्षेसाठी एक तज्ज्ञ मुलगी नेमली. तिशीची, हसतमुख, पायात खेळाचे बूट. दुसऱ्याच दिवशी कचेरीने तिचं नाव ठेवलं कडी. कुलपाला जोडी हवीच होती. पण जोडीतसुद्धा लोक म्हणणार 'कडीकुलूप'. आधी कडी, मग कुलूप. हेही त्याच्या मनाला लागलं, असं त्यानेच मला नंतर सांगितलं.

पहिल्या बैठकीत त्याने छाती काढून सांगितलं, की जवळजवळ सातशे दिवसांत मशीन एकदाही बंद केलेलं नाही. मुलीने सौम्यपणे विचारलं, "म्हणजे काका, ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातशे दिवसांच्या दुरुस्त्या राहिल्यात?"

लोक हसले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचा पाया. त्याला भेगा पडतात, बुजवायचं सामान येत राहतं, पण बुजवायच्या तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. पोर खरं बोलली होती. त्याला दोन जागी लागलं : एक ती बरोबर होती, आणि दुसरं, ती 'काका' म्हणाली.

पण तो मशीन का बंद करत नव्हता, ते तिला ठाऊक नव्हतं. ते तुम्हाला सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ढगे सर होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. ढगांचं गणित करायचे म्हणून ढगे. माणूस हुशार, पण दुसऱ्याचं काम चालू दिसलं की ज्याच्या पोटात दुखतं, त्या जातीतला. तेव्हा मशीनवर सगळ्यांची कामं सगळ्यांना दिसायची, आणि ढगे सर दर पंधरा मिनिटांनी ती यादी उघडून विचारायचे, "माझ्या पुढे कोण?" कुलपाला तोंडावर कुलूप म्हणणारे तेवढे एकटेच. त्यांचं एक काम चाळीस दिवस चालणार होतं. एकोणचाळीस झाले होते. कुलपाने त्या संध्याकाळी मशीन बंद केलं. सूचना आठ दिवस आधी फलकावर लावलेली होती, शिक्का मीच मारला होता. पण ढगे सर सूचना वाचायचे नाहीत; सूचना इतरांसाठी असतात. चालतं काम मशीन बंद झालं की पुसलं जातं. ते धावत हॉलमध्ये आले, चाकांच्या खुर्चीत बसले, आणि हळूच म्हणाले, "कुलूप, माझं एक दिवसाचं राहिलं होतं रे."

पुढचा शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

कुलपाला कोणी दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून त्याने मशीन बंद केलं नाही. लोक त्याला अभिमान समजले, आणि त्यानेही लोकांना तसं समजू दिलं.

तर तो कागद. नव्या मुलीचं खातं उघडायचा अर्ज, संचालकांच्या सहीचा. खाली शेरा होता : मार्चच्या दुसऱ्या शनिवारी रात्री मशीन बंद ठेवून सुरक्षेचं काम पूर्ण करावं, आणि सोमवारी मुख्य किल्ली नव्या अधिकाऱ्यांकडे सोपवावी.

कुलपाने तो शेरा दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचला.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मशीनला नाव कळत नाही, आकडा कळतो. सामान ठेवायच्या खिडकीवर बिल्ला मिळतो ना, तसं. बिल्ला दाखवेल त्याचं सामान. म्हणून कुलपानेच फार वर्षांपूर्वी नियम घालून दिला होता : गेलेल्या माणसाचा आकडा पुन्हा कोणाला द्यायचा नाही. रांगेतला पुढचा मोकळा आकडा होता तेराशे बारा. कुलपाने लिहिला अकराशे सत्तेचाळीस.

तो ढगे सरांचा. त्यांच्या कागदपत्रांना हात लावायची हिंमत त्याला झाली नव्हती, म्हणून सगळं तसंच पडून होतं. आता ते मुलीच्या मालकीचं झालं, आणि तिला पत्ता नाही. सोमवारी सगळ्यांसमोर तो दाखवणार होता : सुरक्षेच्या बाईंच्या स्वतःच्या खात्यात मेलेल्या माणसाचा माल महिनाभर पडून! बेत तसा पोरकट होता. मत्सराला अक्कलदाढ येत नाही.

अर्ज मला परत देताना त्याने आकड्यावर अंगठा ठेवला होता. मला तेव्हा काही वाटलं नाही.

पहिला आठवडा मुलगी पाचला घरी जायची. दुसऱ्या आठवड्यात आठ वाजायला लागले. तिसऱ्यात दहा. लोक म्हणाले, पोर कष्टाळू आहे. कुलूप काचेपलीकडून पाहायचा आणि जळायचा. ती कपाटावर तळहात टेकवून उभी राहायची, पंख्यांचा आवाज ऐकत. ही तर त्याची सवय! मशीन बावीस वर्षं त्याच्याशी कुरकुरत बोललं, आणि हिच्याशी कसं सरळ बोलतंय, असं त्याला वाटायचं. बायकोजवळ तसं म्हणालाही. ती म्हणाली, "आता कळलं का मला कसं वाटायचं?"

मग एके दिवशी मुलीने कपाटांच्या मागून एक खुर्ची ओढून आणली. चाकांची. एक चाक कुरकुरणारं. ती खुर्ची तिथे आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती दर पंधरा मिनिटांनी यादी उघडायला लागली. कुलपाने घड्याळ लावून पाहिलं. आणि एका संध्याकाळी पडद्यावरून मान न उचलता तिने विचारलं, "माझ्या पुढे कोण?"

तो म्हणाला, तुमचं तर काही काम रांगेत नाही.

तिने मान वर केली. झोपेतून उठल्यासारखी. "मी काही म्हणाले का, काका?"

त्या रात्री कुलपाला झोप लागली नाही. सकाळी उठून आकडा बदलून टाकू, असं त्याने ठरवलं. सकाळी कचेरीत आला तर संचालक तिच्या पाठीवर शाबासकी देत उभे होते. त्याने आकडा तसाच ठेवला.

मार्चचा दुसरा शनिवार. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं, कुत्री रडत नव्हती. साधी कोरडी रात्र. संचालक नऊला येऊन दहा मिनिटं बोलले आणि थंडी वाजते म्हणून घरी गेले. अकरा वाजता रांग बंद केली. नवीन काम घ्यायचं नाही, चालू असतील ती संपू द्यायची. हॉलमध्ये दोघंच. तिच्या थर्मासमध्ये चहा होता. तिने त्यालाही ओतून दिला. त्याने नको म्हटलं, आणि नंतर प्यायला.

बारा वीसला शेवटचं काम संपलं. यादी रिकामी झाली.

आणि मग एक ओळ आली.

मालकाच्या जागी तिचं नाव. ती म्हणाली, हे मी टाकलेलं नाही. कुलपाने मुख्य किल्ली वापरून ते काम मारलं, म्हणजे जबरीने थांबवलं. ओळ गेली. त्याने बोटं चोळली. ओळ परत आली. पुन्हा मारलं. पुन्हा आली. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा ती जायला वेळ लागला... आणि यायला लागला नाही.

"जाऊ दे काका," ती म्हणाली. "मशीन बंद केलं की काहीच उरत नाही."

ते त्यालाही माहीत होतं. कोणत्याही कामाला ओलांडता येत नाही अशी तेवढी एकच वेस असते.

एक वाजून दहा मिनिटांनी सगळं तयार झालं. त्याचा हात पुढे होईना. तिला वाटलं, मान हवा असेल. ती बाजूला सरली आणि म्हणाली, "तुम्हीच करा. तुमचं मशीन आहे."

चांगुलपणाने माणूस किती चिडतो पाहा. तो चिडला, आणि त्या चिडीत त्याने बटण दाबलं.

पंखे थांबायला लागले. पहिली रांग. दुसरी. तिसरी. दोन वर्षं त्या हॉलमध्ये कोणी शांतता ऐकली नव्हती. चौथी. पाचवी. सहावी...

काहीच नाही.

दोघं उभे होते. शेजारी शेजारी. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. त्याच्या स्वतःच्या श्वासाचा येत होता.

मागे खुर्चीचं चाक कुरकुरलं.

एकदा.

कोणी वळून पाहिलं नाही.

"काका..." ती म्हणाली.

"चालू कर," तो म्हणाला. "लवकर."

एक पस्तीसला पंखे पुन्हा फिरले. आवाज आल्यावर दोघांनाही जरा हुशारी आली. तिने काम सुरू केलं. पायाच्या भेगा बुजवल्या. मग एकेक दार बंद केलं. आजवर कोणीही कोणाचं काम पाहू शकत होतं. आता प्रत्येकाला यादीत फक्त स्वतःचं दिसणार. स्वतःचंच. दुसऱ्याची सावलीसुद्धा नाही. तिने ते इतकं नेटकं केलं की कुलपाला मनातल्या मनात दाद द्यावी लागली, आणि त्याचाही त्याला राग आला.

दोन चाळीस. तपासून पाहायला ती स्वतःच्या खात्यात शिरली आणि यादी उघडली. मशीन नुकतं चालू झालेलं. एकही काम नाही. यादी रिकामी हवी.

एक ओळ होती.

सुरू झाल्याची तारीख, दोन वर्षांपूर्वीची. चालू : सातशे एकेचाळीस दिवस.

बाकी : एक दिवस.

खुर्ची कधी पुढे आली ते त्याने पाहिलं नाही. ती खुर्चीत बसली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. ढगे सर ठेवायचे तसे.

"कुलूप," ती म्हणाली.

तिने त्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती...

"माझं एक दिवसाचं राहिलं होतं रे."

आता तुम्ही म्हणाल, तो घाबरला. घाबरलाच. पण मला सांगताना त्याने एक गोष्ट लपवली नाही, आणि म्हणूनच मी त्याला मानतो. म्हणाला, भीतीच्याही आधी मला हेवा वाटला. दोन वर्षं. रोज रात्री. मी त्याच हॉलमध्ये एकटा बसत होतो. माफी मागायला. आणि सर आले तर तिच्याकडे?

मग त्याने तिचा चेहरा पाहिला. डोळे उघडे होते. पापणी लवत नव्हती.

"सर," तो म्हणाला, "आकडा तिचा नाही. मी दिला. खोडी काढायला."

तिचे हात टेबलावर तसेच पालथे.

"सोडा तिला."

खुर्चीचं चाक... थोडं पुढे.

तो तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसला आणि कीबोर्ड ओढला. बोटं गारठलेली. मुलीला नवीन आकडा दिला, तेराशे बारा. आता अकराशे सत्तेचाळीसचं सगळं सामान कोणाच्या नावावर करायचं, ते सांगायला हवं होतं. मुख्य किल्लीच्या नावावर करता आलं असतं. पण किल्ली सोमवारी तिच्याकडे जाणार. म्हणजे पुन्हा तिच्याच गळ्यात.

त्याचा स्वतःचा आकडा होता एक हजार एक. मशीनवरचा पहिला माणूस.

त्याने तो लिहिला. बटण दाबलं.

टेबलावरचे तिचे हात सैल पडले. तिने विचारलं, "काका, किती वाजले? मला डोळा लागला का?"

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "दमली असशील." आणि तिचा थर्मास भरायला खाली गेला. त्याआधी त्याने कोणासाठी चहा आणल्याचं मला तरी आठवत नाही.

सोमवारी त्याने किल्ली देऊन टाकली. घासाघीस नाही, टोमणा नाही. लोक म्हणाले, कुलूप गंजलं. मुलीला त्याने आकड्याची लबाडी सांगितली, माफी मागितली, आणि बजावलं : गेलेल्याचा आकडा पुन्हा कोणाला द्यायचा नाही. तिने तो नियम मोठ्या अक्षरात भिंतीवर लावला. बाकीचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही. ते मला सांगितलं, पुढे बऱ्याच महिन्यांनी, एकदा सगळे घरी गेल्यावर. आणि त्याच्या खात्यातली यादीही दाखवली. मी स्वतः पाहिली. एक ओळ. बाकी, एक दिवस. रोज तेवढाच. सगळ्यांचं सगळं पाहू शकणाऱ्या मुख्य किल्लीला ती ओळ दिसत नव्हती. मुलीचा रोजचा अहवाल माझ्याकडेच फाईलला यायचा, त्यात त्या ओळीचा मागमूस नाही. दिसायची ती त्याला एकट्याला.

मी म्हटलं, झोप कशी लागते रे तुला?

तो म्हणाला, "बावीस वर्षं दुसऱ्यांची कामं राखली. माझ्या नावावर कधी एक काम चाललं नाही. आता आहे."

काही माणसांना ओझंसुद्धा स्वतःच्या मालकीचं लागतं.

तीन वर्षांनी, निवृत्तीला चार महिने उरले असताना, एका शनिवारी रात्री तो घरी झोपेत गेला. सोमवारी मॅडमनी, तोवर सगळे तिला मॅडम म्हणायला लागले होते, नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं. डोळे पुसत केलं, मी पाहिलं.

मंगळवारी सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. हातात छापलेला एक कागद. एरवी उभ्या उभ्या बोलणारी, त्या दिवशी खुर्ची ओढून बसली.

"काका, हा फाईलला लावायचाय."

विषय काय लिहू, मी विचारलं. कारकुनाला विचारावंच लागतं.

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली.

तिच्या खात्यातली यादी होती. तिच्या स्वतःच्या. त्या रात्रीपासून मशीनवर ज्याला त्याला फक्त स्वतःचंच दिसतं, ते मघाशी सांगितलंय. मी वर पाहिलं. "यातलं मी काही टाकलेलं नाही," ती म्हणाली.

यादीत दोन ओळी होत्या. मालकाच्या जागी नावं नाहीत, नुसते आकडे. खातं बंद झालं की मशीन नाव टाकून देतं, आकडा ठेवतं.

पहिली ओळ, अकराशे सत्तेचाळीस. चालू. बाकी, एक दिवस.

दुसरी ओळ, एक हजार एक. रांगेत. थांबण्याचं कारण : पुढे अकराशे सत्तेचाळीस.